एक नंबर वरचा पंप

रुग्णालयाचा पंप बंदरावर अडला कशासाठी? इंद्राला उलगडा होईना. सुरमान देशातली तिची मैत्रीण झरीन उपचारांसाठी त्याच पंपाची वाट पाहत होती. तो बनवला होता इंद्राच्या आजोबांनी, तात्यांनी.

बंदरावरचा तपासनीस रोबो पारखी म्हणाला, "सुरमानवर निर्बंध (अनेक देशांनी मिळून घातलेली व्यापारबंदी) आहेत. औषधोपचाराला सूट आहे. पण हा पंप युरेनियमच्या कारखान्यातही चालेल."

"दवाखान्याचा पंप बॉम्ब करतो होय रे?" इंद्राशेजारी उभे असलेले तात्या म्हणाले.

पारखीने हात उघडला. हवेत प्रकाशाचे हजार दाणे चमकले. त्यांतले फक्त सात लाल.

"खाणीतलं युरेनियम असं असतं. कामाचे अणू हे सात. विजेसाठी शंभरांत चार लाल हवेत. म्हणून पांढरे पाखडून काढायचे. याला म्हणतात समृद्धीकरण (हवे ते अणू दाट करणं)."

पांढरे दाणे विझत गेले. उरले पावणेदोनशे.

"आणि बॉम्बसाठी?" इंद्राने हळूच विचारलं.

पुन्हा दाणे विझले. सात लाल, सोबतीला एकच पांढरा.

इंद्रा बघतच राहिली. "म्हणजे विजेपर्यंत पोचलं की बरंचसं पाखडणं झालेलंच असतं?"

"हो. यंत्रंही तीच. सुरमानच्या कारखान्यात काय चाललंय हे जगाला बघायचं होतं. त्यांनी दार उघडलं नाही, म्हणून निर्बंध."

"हे अणू पृथ्वीच्याही आधीचे," तात्या पुटपुटले. "तारे फुटताना घडलेले. माणसाच्या मुठीत आले बघ."

"रुग्णालयाने मागितलेला पंप सुटीच्या मर्यादेत बसत होता," पारखी म्हणाला. "आलेला त्याहून जोरकस आहे."

इंद्राने वळून पाहिलं. "तात्या, परत तेच?"

तात्यांच्या कारखान्याची रीतच होती. मागितल्यापेक्षा एक नंबर वरचा माल द्यायचा, त्याच भावात.

"आजाऱ्याच्या कामात हात कसा आखडू, पोरी?"

"या वेळी आखडा. झरीनसाठी."

मग तात्यांनी रुग्णालयाने मागितला होता तेवढ्याच जोराचा पंप आणून दिला. पारखीने तो मोजला आणि पंप कुठे आहे ते सतत कळवणारी मोहोर त्यावर लावली. जहाज निघालं.

इंद्राने सगळं कळवल्यावर तिच्या दुभाषी घड्याळातून झरीनचा आवाज आला. "मोठी झाले की आमच्या कारखान्याचं दार मी उघडणार. तुमचा रोबो येईल बघायला?"

"बोलावलंस की येईन," पारखी म्हणाला.