उजवा कौल

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात अमेरिकेतल्या डब्लिनमधल्या किराणा दुकानाच्या दाराशी एक म्हातारा खुर्ची टाकून बसायचा. जुना सैनिक. मांडीवर डबा, आणि बाजूच्या पुठ्ठ्यावर टोचलेली लाल क्रेप कागदाची पॉपीची फुलं. डब्यात काही टाकलं की तो एक फूल छातीला लावायला द्यायचा. पैसे आजारी माजी सैनिकांसाठी, फूल युद्धात गेलेल्यांसाठी. वीणा सामंत गेली तीस वर्षं हे फूल घेत होती आणि गाडीतच विसरत होती. यंदा मात्र तिने ते जपून घरी आणलं, कारण यंदा तिची लेक अनुष्का सैन्यात नर्स होती, कुठल्याशा परदेशी तळावर, आणि अकरा दिवस तिचा फोन नव्हता.

"अगं, काही झालं असतं तर आत्तापर्यंत युनिफॉर्मवाले दाराशी आले असते," गिरीश बुटांच्या नाड्या बांधत म्हणाला. "नेटवर्क डाउन असेल. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस." आणि तो फिरायला निघून गेला. नवरे असलं काहीतरी बोलून निघून जातात, त्यांना जमतं ते.

वीणा निवृत्त पॅथॉलॉजिस्ट. जे काचपट्टीवर दिसत नाही ते नाही, असं तिने जन्मभर शिकवलं. पण तिचं लहानपण कुडाळकडच्या गावातलं. तिथे काही अडलं की देवळात कौल लावत. गुरव देवाच्या पाषाणावर दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायचा आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. ओली पाकळी वाळली की पडणारच, असं म्हणून वीणा तेव्हा हसायची.

त्या मंगळवारी सकाळी ती हसली नाही. घरात दुसरं फूल नव्हतं. तिने पॉपीच्या दोन कागदी पाकळ्या तोडल्या, पाण्यात बुडवल्या. देव्हाऱ्यातल्या मूर्ती बोटभर उंचीच्या, त्यांच्यावर पाकळी कुठली राहायला! म्हणून अनुष्काच्या युनिफॉर्ममधल्या फोटोच्या काचेवर तिने त्या लावल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे.

"सुखरूप आहे ना माझी पोर?"

एक गोष्ट मात्र ती विसरली. गुरव आधी नाव घेऊन सांगायचा, आपण कोणाला विचारतोय ते. वीणाने कोणाचंच नाव घेतलं नाही.

अकरा मिनिटांनी उजवी पाकळी पडली. तिला इतकं हलकं वाटलं की तिने चक्क दुसऱ्यांदा चहा टाकला.

बुधवारी पुन्हा जीव थाऱ्यावर नव्हता. या खेपेला तिने एसी बंद केला, खिडक्या लावल्या, दोन्ही पाकळ्या सारख्याच भिजवल्या. नऊ मिनिटांनी उजवी पडली. डावी नखाने खरवडून काढावी लागली. गुरुवारी सहा मिनिटं लागली. शुक्रवारी चार. कोणीतरी जाऊन, विचारून परत यावं तसा हा वेळ होता, आणि वाट आता पायाखालची झाली होती. हा विचार मनात आला तो वीणाला अजिबात आवडला नाही.

फोटोखालच्या गालिच्यावर ओला चिखल होता. तिने गिरीशला झापलं.

"मी बूट गराजमध्ये काढतो यार, रोज," तो म्हणाला. बाहेर दोन आठवडे पाऊस नव्हता.

शनिवारी सकाळी ती पुन्हा दुकानाशी गेली आणि मूठभर फुलं मागितली. म्हाताऱ्याने विचारलं, "एवढी कोणासाठी?"

"माझ्या मुलीसाठी. ती आर्मीत आहे."

"आय ॲम सो सॉरी, मॅम."

"नाही, नाही! जिवंत आहे ती."

म्हाताऱ्याचा हात पुठ्ठ्यावरच थांबला. "मग तिच्या नावाने हे फूल लावू नका," तो हळूच म्हणाला. "ही त्यांची फुलं आहेत."

वीणाने ऐकलं आणि फुलं घेतली. त्या दिवशी तिने सात वेळा विचारलं. सातही वेळा उजवी.

सोमवारी मेमोरियल डे, युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा दिवस. रस्त्यावरून परेडचा बँड गेला, गिरीश बघायला गेला. वीणा फोटोसमोर बसून होती. होकार, होकार, होकार. त्या होकारांचा तिला आता वीट आला होता, लेकीचा आवाज ऐकायला ती आसुसली होती. तिने पाकळ्या लावल्या, आणि प्रश्न विचारलाच नाही.

"तिला घरी घेऊन ये," ती म्हणाली.

तिचं बोट काचेवरून निघायच्या आत उजवी पाकळी पडली.

लगेच फोन वाजला.

"आई! फायनली! नेटवर्क डाउन होतं गं, सॉरी. पण किती निरोप पाठवतेस तू!"

"मी? मी कुठे पाठवले?"

"अगं, तो सोल्जर येतो ना! मंगळवारी आला पहिल्यांदा. युवर मदर वॉन्ट्स टु नो इफ यू आर ऑलराइट, मॅम. म्हटलं, टेल हर आय ॲम फाइन. मग रोजच. शनिवारी तर सात वेळा! मला हसूच आवरेना."

वीणाने विचारलं, "कसा दिसतो?"

"दमलेला. युनिफॉर्म खूप जुना आहे, कुठलं युनिट तेही कळत नाही. आणि बूट कायम चिखलाने भरलेले. इथे तर नुसती वाळू आहे."

"आज आला होता?"

"आत्ताच आलाय. आज काही विचारलं नाही. म्हणाला, तुम्हाला न्यायला आलोय, आईने बोलावलंय. बाबा ठीक आहेत ना? म्हटलं, दोन मिनिटं थांब, आधी फोन करते."

"अनू, जाऊ नकोस."

"का? काय झालं?"

फोन खांद्याशी दाबून वीणाने दुसरं फूल ओरबाडलं. पाकळ्या थंड चहात बुडवल्या, काचेवर थापल्या.

"नको आणूस," ती कुजबुजली. "राहू दे तिला तिथेच. माझं ऐक."

डावी पाकळी पडली.

"आई, तो घाई करतोय," अनुष्का म्हणाली. "त्याने माझी बॅग उचललीसुद्धा."