कुजबुज्याची कळ

घरच्या सरावात अलीकडे एकदाही न चुकणारी आई खऱ्या झडपेपुढे नुसती उभी का राहिली, हे कोडं नानांना सुटत नव्हतं. शलाकाला मात्र ते केव्हाच सुटलं होतं आणि म्हणूनच ती नानांची नजर चुकवत होती.

कोकणातल्या एका खाडीच्या तोंडाशी भरती-ओहोटीच्या पाण्यावर चालणारं वीजकेंद्र नुकतंच सुरू झालं होतं. शलाकाची आई सुनेत्रा तिथे झडप (पाणी अडवणारं पोलादी दार) चालवायला शिकत होती. गावातला बर्फाचा कारखाना बंद पडल्यावर चाळिशीत पुन्हा विद्यार्थिनी व्हायचं, म्हणजे काही खायचं काम नाही! सरावासाठी घरी आभासी चष्मा (डोळ्यांवर चढवला की खोटं यंत्रघर खऱ्यासारखं समोर उभं करणारा) होता. शिवाय खांद्यावर बसून कानात सूचना देणारा चिमुकला यंत्रमानव होता. त्याचं नाव शलाकानंच ठेवलं होतं, कुजबुज्या. ही सगळी करामत नानांची, म्हणजे आईच्या वडिलांची. ते शास्त्रज्ञ, आणि आपल्या यंत्रांचं त्यांना भारी कौतुक.

सुरुवातीला आई सारखी चुकायची. चष्मा काढून मान खाली घालून बसायची. शलाकाला ते बघवेना. एका संध्याकाळी तिनं कुजबुज्याच्या पाठीवरची मदतीची कळ गुपचूप शेवटपर्यंत फिरवली. झालं! आई अडायच्या आतच कुजबुज्या तिच्या डाव्या कानात पुढची पायरी सांगू लागला. आईला वाटलं, त्याचं कामच ते. गुण भराभर वाढले, घरात शिरा झाला आणि शलाकानं मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

मग आली खऱ्या झडपेवरची चाचणी. तिथे कुजबुज्याला प्रवेश नव्हता. घरची मंडळी काचेमागे बसली होती. भोंगा वाजला, आईनं पहिला दांडा ओढला आणि ती थांबली. तिची मान हळूच डावीकडे कलली. कानात कुणीतरी सांगेल म्हणून ती वाट बघत राहिली. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं शलाकाला झालं.

"माझ्यानं नाही व्हायचं," घरी आल्यावर आई म्हणाली. "पुढच्या आठवड्यात फेरचाचणी आहे म्हणे. मी जाणारच नाही."

शलाका नानांच्या खोलीत गेली आणि रडत रडत सगळं सांगून मोकळी झाली. नाना रागावले नाहीत. त्यांनी भलतंच विचारलं, "आपोआप चालणाऱ्या गाडीतून रोज शाळेत जातेस ना? मग पूल ओलांडल्यावर कुठे वळायचं?"

शलाकानं खूप आठवून पाहिलं. "नाही सांगता येत. गाडीच वळते ना!"

"मेंदूचंही तसंच असतं बघ. एखादी गोष्ट आपली आपण आठवली की चेतापेशींमधली (मेंदूत निरोप पोचवणाऱ्या पेशींमधली) वाट मळत जाते. आयतं उत्तर मिळालं की त्या वाटेवर कुणी पाऊलच टाकत नाही. अडखळायचं, आठवायचं, चुकलं तर सुधारायचं. याला स्मरण-सराव म्हणतात."

"मग कुजबुज्या वाईट आहे?"

"छे गं! नवख्याला मदत हवीच. पण ती हळूहळू मागे सरायला हवी. मी ती कळ रोज थोडी थोडी कमी करणार होतो. पण गुण बघून मीच हुरळलो आणि तपासायचं विसरलो." नानांचाही चेहरा उतरला होता. "आता आईला तू सांगतेस की मी?"

"मीच सांगते."

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. शलाकानं तिला सगळं सांगून टाकलं.

"कळ फिरवलीस त्याचं काही नाही गं," आई म्हणाली. "पण मला जमणार नाही, असं तुलासुद्धा वाटलं होतं?"

'नाही' म्हणायला शलाकानं तोंड उघडलं, पण खोटं बोलवेना. इतकी लाज तिला चाचणीच्या वेळीही वाटली नव्हती.

आईनं हातातली घडी खाली ठेवली. "आण तो चष्मा. आणि कळ कमी कर, तुझ्याच हातानं."

आता कुजबुज्या फक्त "पुढे काय?" एवढंच विचारायचा आणि थांबायचा. अगदीच अडलं, तरच अर्धा शब्द सांगायचा. आई चुकायची, चिडायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. शलाकाचे हात कळेकडे जायला शिवशिवायचे. ते तिनं मांडीखाली दाबून धरले.

फेरचाचणीत आई नेमकी त्याच जागी थांबली. मान किंचित कलली. पण मान पुन्हा सरळ झाली, आई स्वतःशीच काहीतरी पुटपुटली आणि तिनं दुसरा दांडा ओढला. ती अवजड झडप संथपणे खाली उतरली.

परत येताना शलाका गाडीला म्हणाली, "आज वळणं मी सांगणार. तू थांबायचंस."

शाळेच्या वाटेवरचा तोच पूल ओलांडल्यावर गाडी थांबली. शलाका डावीकडे बघू लागली, मग उजवीकडे. तिला काही आठवेना. आईला रस्ता पाठ होता, पण ती बोलली नाही. तिनं आपले दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि ती खिडकीबाहेर बघत बसली.