'पेनमोर'च्या कोठीतले ठोके

ही गोष्ट घडलेली आहे. एनॉक ट्रिगने ती कधी रंगवून सांगितली नाही. सांगताना तो नुसता चिडायचा.

१९१६ चा नोव्हेंबर. उत्तर समुद्रातली धुक्याने भरलेली दुपार...

चिलखती क्रूझर 'पेनमोर'चं नशीबच फुटकं. प्रत्येक लढाईला ती उशिराच पोचली. बंदरात इतर जहाजांवरचे खलाशी ओरडायचे, “या, या! खरकटी भांडी ठेवलीत तुमच्यासाठी!”

त्या दुपारी मात्र शत्रूचं जहाज समोर सापडलं होतं.

एनॉक भट्ट्यांवरचा मुकादम. लढाईआधी कोळशाच्या कोठ्यांची लोखंडी दारं बंद करायची, म्हणजे एकीत पाणी शिरलं तरी दुसरी कोरडी राहते. ती लागल्याशिवाय लढाईत उतरायचं नाही. पण आधी दारावर फावड्याने दोन ठोके द्यायचे. आत कोणी असेल, तर तो उलट ठोकतो.

एनॉकने ठोके दिले.

टक्... टक्.

आतून उत्तर आलं.

“कोण रे तो? बाहेर ये!”

कोणीच आलं नाही.

एनॉक कंदील घेऊन आत शिरला. कोठी रिकामी. कोळशाच्या भुकटीवर पावलाची एकही खूण नाही... त्याने माणसं मोजली. सगळी हजर.

पुन्हा ठोके दिले.

टक्... टक्.

बोलायच्या नळीतून कप्तान कडाडला, “ट्रिग, दार लागलं का? धुक्यात निसटतंय ते जहाज!”

“आत माणूस आहे, साहेब!”

“कोण?”

एनॉकने पुन्हा माणसं मोजली.

“मुकादम, लावा हो दार,” भट्टीत कोळसा टाकणारा ओबेद काकुळतीला आला. “आपले सगळे इथंच आहेत.”

“मग ठोकतंय कोण? तुझा आजा?”

ओबेद स्वतःच दाराकडे वळला. आणि तेवढ्यात...

टक्... टक्.

या वेळी एनॉकने ठोकलंच नव्हतं.

दार लागलं नाही. शत्रू निसटला. परतल्यावर धक्क्यावरून आरोळी आली, “झालं का जेवण?” एनॉकने टोपी जमिनीवर आपटली.

युद्ध संपलं. एकही गोळा न डागता 'पेनमोर' भंगारात गेली. कोठी कापताना एनॉक स्वतः उभा होता. आत काहीच सापडलं नाही.

घरामागे त्याची कोळशाची खोपटी होती. दार लावताना दोन ठोके द्यायची सवय काही सुटली नाही. बायको हेप्झिबा खो-खो हसायची.

एका संध्याकाळी त्याने ठोके दिले...

टक्... टक्.

तेव्हापासून ते दार उघडंच राहिलं. कोळसा भिजायचा, शेगडी धुमसायची, हेप्झिबा कावायची, “एनॉक, लाव की एकदाचं ते दार!”

“तूच लाव.”

ती तरातरा दारापर्यंत जायची...

आणि हात न लावताच परत यायची.