संडासाच्या दारातली ओळख

"दार उघडा हो! आत झोपलात काय?"

हंसानं तिसऱ्यांदा दार बडवलं. पालघरच्या त्या छोट्या इस्पितळात वरच्या मजल्यावर संडास एकच, आणि आतड्यात दुर्बीण घालून घ्यायला आलेले पेशंट दोन. दोघांनाही सकाळपासून तांब्या-तांब्यानं औषधाचं खारट पाणी पाजलेलं. अखेर कडी वाजली. लुंगीतला एक तरणा गडी, घामानं डबडबलेला, चौकट धरून बाहेर आला.

"जा बाय, जा... बादली भरून ठेवलीय."

एवढ्या घाईतही ते शब्द हंसाच्या कानात राहिले. नवापूरच्या घरात ती उजाडल्यापासून पाणी भरायची, पण तिच्यासाठी कुणा पुरुषानं बादली भरल्याचं तिला आठवेना.

प्रेमाच्या गोष्टी म्हणे बागेत नाही तर देवळात सुरू होतात. ही इथं सुरू झाली. कुणाला नाक मुरडायचं त्यानं खुशाल मुरडावं.

बाकही एकच होता. त्याच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला ती. मधे हंसाची रखमा वहिनी, मांडीवर पिशवी घेऊन. त्याचं नाव वामन. माकुणसारचा, बोईसरला सुताच्या कारखान्यात पाळीवर.

"तुमाला काय होतंय?" हंसानं विचारलं.

"रक्त पडतं. खालून."

वहिनीनं पदर तोंडाला लावला. हंसा मात्र त्याच्याकडे बघतच राहिली. दोन वर्षं तिला तेच होत होतं, आणि दोन वर्षं घरात ते कुजबुजीतच बोललं जात होतं. भावानं बोईसर स्टेशनमागच्या एका वैदूकडून पुड्या आणल्या. मेल्यानं ना काही विचारलं, ना बघितलं. रक्त म्हटलं की मूळव्याध, मूळव्याध म्हटलं की पुडी! हंसाच्या बापालाही त्यानं असंच पुड्यांवर ठेवलं होतं. शेवटी पोट फाडलं तेव्हा फार उशीर झाला होता. चालत गेलेला बाप इस्पितळातून झाकून परत आला. असल्या माणसांना भर बाजारात उभं करून जाब विचारायला हवा, पण विचारणार कोण? लाज आडवी येते. आजही वहिनी शेजारीपाजारी सांगून आली होती, की हंसाचे डोळे तपासायचेत. सातपाटीचं स्थळ आलेलं ना!

मुंबईचे डॉक्टर महिन्यातून दोनच दिवस यायचे. त्यांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "आतड्यात कोंब असणार, देठावर अळंबी असते तसा. पोट फाडायचं नाही. नळी आत घालायची, देठाला तारेचा फास टाकायचा, वीज सोडायची. कोंब सुटला."

"आणि वाईट झालं तर?" वामननं विचारलं.

"कधी रक्त वाहतं. ते बहुतेक वेळा आतूनच थांबवता येतं. क्वचित आतड्याला भोक पडतं, मग पोट उघडावं लागतं. पण कोंब तसाच ठेवला, तर पुढे त्याचा कॅन्सर होऊ शकतो."

हंसाला एवढंच ऐकू आलं... भोक.

"तुमी आधी जा," बाकावर येताच ती वामनला म्हणाली. "जिते आलात तर मी जाते."

"आणि नाय आलो तर?"

"तर चारची एस्टी हाय मला."

वामन खदखदून हसला, आणि हसता हसता पांढरा पडला. पोटात कालपासून अन्न नव्हतं. हंसानं वहिनीच्या पिशवीतून बाटली ओढली. आमसुलाचं पाणी, साखर-मीठ घातलेलं.

"प्या. पातळ चालतं, सिस्टर बोलल्यात."

सिस्टर आणखीही बोलल्या होत्या, की लाल रंगाचं काही नको. पण तेव्हा हंसा संडासाच्या दारापलीकडे होती.

"तुला?" वामननं विचारलं.

"माझ्या पोटात आता थेंबाला जागा नाय."

त्यानं बाटली रिकामी केली. नजर मात्र बाटलीवर नव्हती.

"गोड हाय."

"साखर जास्त पडली."

"मी साखरेचं कुठं बोलतोय..."

हंसानं मान फिरवली. वहिनी मधे नसती, तर कदाचित फिरवली नसती.

दोन-तीन तासांनी वामनला आत नेलं, आणि थोड्याच वेळात परत आणलं. मागोमाग डॉक्टर. "आत सगळं लालेलाल! रक्त आहे की काय, कळेना. काय प्यायलात?"

हंसानं रिकामी बाटली पदराखाली लपवली.

"आमसुलाचं पाणी," वामन म्हणाला. "मीच मागून घेतलं."

"मग पुन्हा पोट साफ करा. उद्या बघू. स्वच्छ दिसल्याशिवाय मी फास टाकत नाही." डॉक्टर हंसाकडे वळले. "चला, आता तुम्ही."

हंसा उठली, पण तिचे पाय जिन्याकडे वळले. वहिनीनं पिशवी उचललीच होती.

"काय नाय होनार... असं बोला ना," हंसा वामनला म्हणाली.

"खोटं कसं बोलू? होऊ शकतं. पण बघ ना... दिसलं नाय तर डॉक्टर हात न लावता मागं फिरला. मला तर त्यानंच धीर आला. तुला जायचं तर जा. मी रागावनार नाय."

हंसानं जिन्याकडे बघितलं. त्याच्याकडे बघितलं. आणि आत गेली.

शुद्धीवर आली तेव्हा डॉक्टरांच्या हातात बाटली होती, बाटलीत चण्याएवढा मांसाचा गोळा. "दिसायला साधा वाटतोय. तरी तपासायला पाठवू. आणि वर्षानं पुन्हा बघून घ्यायचं. एक उगवला, तसा दुसरा उगवू शकतो."

बाहेर बाकावर वामन, हातात खारट पाण्याचा तांब्या, तोंड वाकडं.

"जिती हायस?"

"हाय."

रात्रभर तिला इस्पितळातच ठेवलं. सकाळी सिस्टरनं घरी जायला सांगितलं. हंसा बाकावरून हलेना.

"तो आत गेलाय. बाहेर येईपर्यंत मी इथंच."

"तो तुजा कोण लागतो गो?" वहिनी दबक्या आवाजात फणकारली. "सातपाटीच्या पाव्हण्यांना कळलं तर?"

"तूच सांग त्यांना. आतड्यात कोंब होता, काढला. त्यांना चालत नसेल तर ऱ्हायलं. आणि चालत असेल, तरी नको."

वामनला बाहेर आणलं. दोन कोंब निघाले, रक्त नाही, सगळं ठीक. औषधाच्या गुंगीत त्यानं डोळे किलकिले केले.

"मलापन वर्षानं बोलावलंय... तू नवापूरवरनं येनार, मी माकुणसारवरनं..."

"एकाच घरातनं येऊ की!"

त्याचे डोळे खाडकन उघडले.

"काय बोललीस? परत बोल..."

हंसा परत बोलली. वहिनीला, सिस्टरला, साऱ्या मजल्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.