थंड खोलीतली केळी

शनवारा भागातल्या कोचिंग क्लासमध्ये मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. जनुकांचा धडा पोरांच्या डोक्यावरून जातो, म्हणून प्रयोगासाठी केळी मागायला मी केळी पिकवायच्या गोदामात गेले... आणि दारात भूपेंद्र भेटला.

"हिरवी पाहिजे का पिवळी, मॅडम?"

"दोन्ही. दोन्हींत जनुकं तीच असतात. पिकवणारी फक्त हिरवीत बंद असतात."

"अन् आम्ही गॅस सोडतो तं चालू होतात?"

"हो."

"म्हंजे मी इतके साल जनुकंच चालू करून राह्यलो," तो गालात हसला. "अन् घरचे म्हणतात, पोरगा काही करत नी."

मग दर आठवड्याला तो कोचिंगवर केळी घेऊन यायला लागला. प्रयोग कधीच संपला होता, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

एकदा पावसात चिंब भिजून मीच गोदामात गेले. त्याने केळी पिकवायच्या थंड खोलीचं जाड दार उघडलं. "या ना... पाहा तरी."

आत गारठा होता. ओल्या अंगाने थंडीत उभं राहणं माझ्यासाठी आगीशी खेळ, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण तो एकेक फणी माझ्या हातात देत होता, बोटांना बोटं लागत होती, आणि मेला पाय काही निघेना.

संध्याकाळी हाडं कोणी आतून पिरगाळावीत तशी कळ उठली. आईने दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी कोचिंगवर कळल्यावर तो धावत आला आणि खाटेपाशी थबकला.

"माझ्यामुळं झालं?"

"थंडीमुळे. मला सिकलसेल आहे... तुम्हाला कुठे सांगितलं होतं मी."

आता सगळंच सांगून टाकलं. आईच्या पोटात बाळाचं रक्त एका जनुकावर बनतं. जन्मानंतर पेशी ते हळूहळू बंद करतात, दुसरं सुरू करतात. माझं ते दुसरंच बिघडलेलं. म्हणून रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात. रोजची गोळी त्या पहिल्या, बंद पडलेल्या जनुकाला थोडं जागं करते.

"पण आता गोळीही पुरत नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, फार वर्षं नाहीत माझ्याकडे. तुम्ही येत जाऊ नका, भूपेंद्र."

तो सलाइनकडे पाहत बसला. आता उठेल, असं वाटलं. उठावा असंही वाटत होतं, आणि त्याच विचाराने जीव तुटत होता.

"तुमचं बंद पडलेलं थोडं तरी चालू होते," तो खाली मान घालून म्हणाला. "आमच्या खोलीत उलटं हाय. एकदा पिकायला लागलं, का गॅस बंद करा, काहीबी करा... थांबत नी. माझं तसंच झालं आता."

माझे डोळे भरून आले. "पिकलेलं केळं टिकत नाही."

त्याने माझ्या पायांवरची चादर नीट केली.

"मालूम हाय, रंजिता," पहिल्यांदाच नावाने हाक मारत तो म्हणाला. "म्हणून तं ते कोणी उद्यासाठी ठेवत नी."