पाठीमागच्या टाचण्या

त्या दुपारी शिंपीणबाई दुकानाचं शटर अर्धं ओढून एका गाऊनचा फोटो टाकत होत्या. दुकानात त्या एकट्याच. काम रोजचंच. पुतळ्याला कपडा चढवायचा आणि पाठीमागून टाचण्या मारून असा आवळायचा की समोरून बघणारा म्हणेल, वा, काय बसलाय! टाचण्या काढल्या की कपडा ढगळच, पण ते फोटोत कुठे दिसतं? पूर्वी बाई असल्या नव्हत्या हो. पण फोनवर लाल बदाम पडायला लागले, आणि गिऱ्हाइकाच्या तोंडापेक्षा त्यांना तो आकडाच खरा वाटू लागला. आकडा उतरला की त्यांना अन्न गोड लागायचं नाही.

गाऊन एका गाणाऱ्या मुलीचा होता. संध्याकाळी तिचा पहिलाच कार्यक्रम. चारला ती न्यायला येणार होती. फोटोला घटकाभरात नऊशे बदाम! बाई हरखल्या. तेवढ्यात खाली कुणीतरी लिहिलं, ‘पाठ दाखव.’

ना नाव, ना चेहरा. बाईंनी ते पुसून टाकलं. पुन्हा आलं... ‘पाठ दाखव. गाताना खांद्यावरून उतरेल.’

बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. टाचण्यांचं त्यांनी सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. मशीनच्या तेलाचा वास एकदम दाटला. पंखा घरघरत थांबला. त्यांनी मान वर केली, तर पुतळा भिंतीकडे तोंड करून उभा होता.

पळावंसं वाटलं, पण नजर हटेना. समोर ती चुण्यांची, टाचण्यांनी भरलेली पाठ. बघता बघता बाईंना भीतीपेक्षा लाजच जास्त वाटली. त्यांनी फोन बंद करून खणात टाकला, टाचण्या उपसल्या, पाठ पुरती उसवली आणि पुन्हा शिवायला घेतली.

चारला मुलगी आली. पडद्याआड जाऊन गाऊन घालून आली, हात वर केले, छाती भरून श्वास घेतला आणि एक लांब तान मारली. कपडा जागचा हलला नाही.

“बाई, आता मला भीती नाही वाटत,” ती म्हणाली.

बाईंचा जीव भांड्यात पडला. किती दिवसांनी त्यांना असं बरं वाटलं होतं, आणि फोन तर खणातच होता.

दारातून मुलगी मागे वळली.

“आतल्या बाईंनाही थँक्यू सांगा हं, हुक त्यांनीच लावून दिले. नाव विचारलं मी... पण तोंडात टाचण्या धरून बोलत होत्या, नीट कळलं नाही.”