नाकाच्या कडा

"हे माझ्या हातून झालेलं नाही," डॉक्टर तिसऱ्यांदा म्हणाले.

फौजदारबाईंनी दवाखान्यातल्या पलंगावर पडलेल्या पोरीचा चेहरा वाकून पाहिला. दोन्ही गाल लालभडक. नाकाच्या कडा आणि ओठांचे कोपरे तर पार सोलून निघाले होते.

तक्रार सरळ होती. मुरमांच्या डागांवर काल डॉक्टरांनी दवाखान्यात ग्लायकोलिक अ‍ॅसिड, वरची कातडी काढणारं औषध, लावलं आणि चेहरा भाजला. खरं ठरलं तर डॉक्टरांचा परवाना गेलाच.

"तिला इथं अ‍ॅसिड लावलंच नाही हो. आधी घरी सौम्य लोशन, कातडीला सवय झाली की मग बघू, असं ठरलं होतं."

पण दवाखान्याच्या कपाटातली त्याच कडक अ‍ॅसिडची बाटली बरीच रिकामी होती. किल्ल्या दोघांकडेच, डॉक्टर आणि नर्स. नर्स म्हणजे या पोरीची सख्खी थोरली बहीण. रडून डोळे सुजलेली ती पलंगाशी उभी होती.

"काल काय झालं, सांग बाळ," फौजदारबाईंनी पोरीला विचारलं.

"आधी व्हॅसलीन लावलं. नाकाच्या कडांना, ओठांच्या कोपऱ्यांना. मग ब्रशनं अ‍ॅसिड." पोर पाठ केल्यासारखं बोलत होती.

"याआधी कधी करून घेतलं होतंस?"

"नाही. पहिल्यांदाच."

"व्हॅसलीन कशाला हो, डॉक्टर?"

"तिथली कातडी नाजूक. व्हॅसलीन असलं की अ‍ॅसिड आत जात नाही."

पुढचं बोलणं फौजदारबाईंच्या जिवावर आलं होतं. पण समोर एक माणूस हकनाक बुडत होता.

"मग कडा वाचायला हव्या होत्या. हिच्या तर तिथंच जास्त भाजल्यात. म्हणजे हे दवाखान्यात घडलंच नाही. घरी लोशन समजून हिनं अ‍ॅसिड फासलं. आणि इथली पद्धत हिला कुणीतरी पढवली. डॉक्टर स्वतःच्याच विरुद्ध कशाला पढवतील?"

थोरलीनं पदरानं डोळे पुसले.

"लोशनमध्ये अ‍ॅसिड मीच मिसळलं, डाग लवकर जावेत म्हणून. रोज आरशासमोर रडायची, मला बघवेना. आग होतेय म्हणून ओरडली, तर मीच म्हटलं, सोस थोडं, गुण येतोय. मग घाबरले आणि डॉक्टरांचं नाव घ्यायला लावलं."

"ताईला नेऊ नका," पोर कळवळली. "मी तक्रार मागे घेते."

"डॉक्टरांवरची घे. हिचं आता माझ्या हातात नाही, बाळ."

पोरीला रडू फुटलं. खारट पाणी सोललेल्या कातडीवर उतरलं तशी ती विव्हळली. थोरली पुढे झाली. कापूस घेतलेला तिचा हात सवयीनं पुढे गेला आणि मध्येच थांबला.

"पूस ना, ताई."

थोरलीला हात लावता येईना.